उलटायचं राहिलेलं वळण

४ सप्टेंबर

प्रिय सुई,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तुझा आवाज निम्मा तुटतो आणि उरलेला निम्मा "हॅलो, हॅलो" करण्यात जातो, म्हणून म्हटलं, लिहावंच. शाळेत सिस्टरनी समास सोडून, तारीख उजव्या कोपऱ्यात घालून पत्रं लिहायला शिकवली, ती विद्या काय फुकट घालवायची? तेव्हा आपण एकाच बाकावर बसून एकमेकींना पत्रं लिहायचो आणि पोस्टमनही आपणच व्हायचो. पुढे मी तुझ्या दादाशी लग्न केलं आणि पहिल्याच दिवशी तू दारात उभी राहून मला "या वहिनी" म्हणालीस, थट्टेनं. ती थट्टा जन्मभर चिकटली.

काम असं आहे. तुझ्या दादाच्या पुस्तकाची, 'सायकलवाटा'ची, नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांनी परवा वाचकांची पत्रं पाठवून दिली, त्यात एका जोडप्याचं हे पत्र आहे. जसंच्या तसं उतरवते.

"तुमच्या पुस्तकातला कालव्याकाठचा रस्ता आम्हाला फार आवडला. दिवसभरात एक मोटार दिसली नाही. मात्र शेवटच्या फाट्यावर 'डावीकडे वळा' असं छापलं आहे. डावीकडचा उतार थेट नदीवर जातो आणि तिथला पूल मधोमध तुटलेला आहे, हे आम्हाला नंतर समजलं. नशिबानं फाट्यावर एक वयस्क गृहस्थ उभे होते. त्यांनी हात करून आम्हाला उजवीकडे पाठवलं. बोलले काहीच नाहीत. चूक दुरुस्त करावी आणि त्यांना आमचा नमस्कार कळवावा."

चूक कशी झाली, ते मला वाचताक्षणी कळलं. तुझ्या दादाची पद्धत तुला ठाऊक आहे. आधी घडीचं स्टूल टाकून रस्त्याकडेला बसायचं. थर्मासातला चहा संपेपर्यंत एकही गाडी आली नाही, तर रस्ता पास. मग सायकलवरून जाताना नुसता रस्ता बघायचा आणि लिहायचं ते येताना. "जाताना लिहिलं तर बघणार कधी?" म्हणायचा. पण पुस्तक वाचणारा जाणार सरळ, त्यामुळे घरी आल्यावर सगळं उलटावं लागे. जेवणाच्या टेबलावर मी वाचायची, "डावीकडे विहीर," तो म्हणायचा, "उजवीकडे विहीर." मी "उजवीकडे चढ" म्हटलं की तो "डावीकडे उतार". मी म्हणेन त्याच्या उलट बोलायचा त्याला सराव होताच, असं मी म्हणायची आणि तो हसायचा. पुस्तकात शेकड्यांनी वळणं आहेत, सगळी अशी उलटली. हे एक उलटायचं राहून गेलं. कसं, ते आता कोणाला विचारू?

तो फाटा तुझ्या शिवणाच्या मशीनवरून दिसतो. तेव्हा मला सांग, हे गृहस्थ कोण? एवढ्या लोकांचे जीव वाचवतायत. नव्या आवृत्तीची प्रत तर त्यांना देईनच, पण थंडीच्या आत एखादा स्वेटरही विणून पाठवीन म्हणते. माप कळव.

तुझी
वहिनी

---

१५ सप्टेंबर

वहिनी,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून शाळेतलंच आहे. माझं बघ, गिऱ्हाइकांची मापं लिहून लिहून कोंबडीनं पाय फिरवल्यासारखं झालंय.

फाट्यावरचा माणूस म्हणशील तर कालव्याचा राखणदार असेल. नाहीतर दूधवाला असेल. रिकामटेकडे म्हातारे इकडे कमी नाहीत, त्यातलाच कोणी असेल. माप कुठे विचारत बसू? स्वेटर विणू नकोस. उगाच डोळे कशाला फोडून घेतेस?

त्या चुकीबद्दल मला आधीच कळलं होतं. वसंतात एक सायकलवाला माझ्याकडे फाटलेली पॅंट शिवून घ्यायला आला, त्यानं पान दाखवलं. दुसऱ्याच दिवशी मी फळी रंगवून फाट्यावर ठोकली, "उजवीकडे वळा", मोठा बाण काढून. उपयोग शून्य. उजवीकडे वळलं की पहिलं घर माझं, दारावर शिवणाची पाटी. लोकांना वाटतं, बाई गिऱ्हाईक ओढतेय! एक जण तर पायरीशी थांबून म्हणाला, "मावशी, जाहिरात झकास, पण आम्ही पुस्तकाप्रमाणे जाणार." मी म्हटलं, "बाबा, पुस्तक माझ्या भावाचं आहे." तो म्हणाला, "हो का, मग तर चूक असणारच नाही." आता बोल.

उतार बंदही करता येत नाही, गुरं त्याच वाटेनं पाण्यावर जातात. म्हणून म्हणते, पुस्तकात लवकर दुरुस्त कर. प्रकाशकाला सांग, जुन्या प्रतींतही चिठ्ठी चिकटवा. बाकी काही नाही. मशीनचा पट्टा बदलला. गुडघा आहे तसाच.

सुई

---

२४ सप्टेंबर

प्रिय सुई,

एवढ्याशा पत्रात तू "असेल" तीनदा लिहिलंस. त्या रस्त्यानं कोणाची म्हैस गेली तरी तिच्या मालकाच्या सासुरवाडीपर्यंत सगळं सांगणारी तू. तुला तुझ्या खिडकीसमोर उभा राहणारा माणूस माहीत नाही?

आज आणखी एक पत्र आलं. निवृत्त शिक्षक आहेत, एकटेच सायकलवर हिंडतात. तेही त्याच फाट्यावर चुकणार होते. लिहितात, "मैलाच्या दगडापाशी करडी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी मला उजवीकडची वाट दाखवली. पॅंटचा पाय साखळीत अडकू नये म्हणून त्यांनी कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावला होता. मी जुना सायकलवाला, मला ती युक्ती बघून गंमत वाटली. पण त्यांची सायकल मात्र जवळपास कुठे दिसली नाही."

सुई, लाकडी चिमटा.

हे वाचून मी उठले आणि गॅलरीत जाऊन दोरीपाशी उभी राहिले. जन्मभर माझ्या दोरीवरचे चिमटे पळवले त्यानं. सगळं जग पायाला पट्टी बांधतं, दुकानात मिळते, मी आणून दिली होती, ती त्यानं थर्मासला गुंडाळली. मी चिडून म्हणायची, "तुझ्या पायापायी माझी पांघरुणं उडून जातायत." त्यावर "मग तू चल, माझा पाय धर," हे ठरलेलं उत्तर. या वर्षात माझा एकही चिमटा हरवलेला नाही. सगळे दोरीवर आहेत, ओळीनं. मला ते बघवत नाहीत.

मला खरं काय ते सांग. मी रडणार नाही, ओरडणार नाही. स्वेटर विणू नकोस असं तू का लिहिलंस?

वहिनी

---

२ ऑक्टोबर

वहिनी,

बस आधी. चष्मा लाव. सांगते.

थंडी सरत आली तेव्हापासून हे चाललंय. सकाळी मी मशीनवर बसते. सायकलवाला येतो, फाट्यावर थांबतो, एक पाय टेकवून पुस्तक बघतो. डावीकडे वळणार, तेवढ्यात मान वर करून मैलाच्या दगडाकडे बघतो. मान डोलावतो. सायकल उजवीकडे वळवतो, आणि निघताना हात उंच करतो, ओळखीच्या माणसाला करावा तसा.

तिथे कोणी नसतं, वहिनी. दगड आणि गवत.

पहिल्यांदा मला वाटलं, मलाच हात केला. मीपण आपला हात हलवला, म्हटलं शिष्टाचार सोडू नये. दुसऱ्यांदाही हलवला. मग लक्षात आलं, ते खिडकीकडे बघतच नाहीत. एकदा दोन मुली पाणी प्यायला दारात थांबल्या. मी विचारलं, "हात कोणाला केलात गं?" म्हणाल्या, "त्या काकांना. तुमच्याच घरचे का? तुमच्यासारखंच नाक आहे." मी "हो," म्हटलं. "आमच्याच घरचे." मुली गेल्यावर कितीतरी वेळ मला सुईत दोरा ओवता आला नाही.

मग मी फाट्यावर जाऊन उभी राहायला लागले. पहाटे गेले, दुपारी गेले, हाका मारल्या. कोणी ऐकलं असतं तर म्हणाले असते, शिंपीणबाईला लागलं वेड. काही दिसलं नाही. एकदा चोरासारखी भिंतीआडून बघत बसले होते. समोरून येणाऱ्या बाईंनी दगडाकडे बघून हात केला, आणि मला दिसला तो नुसता त्यांचा हात. भीती अशी वाटली नाही. पण घरी आल्यावर त्या दिवशी मशीन उघडलं नाही.

अनोळखी माणसांना दिसतो, घरच्यांना नाही. का, ते मला विचारू नकोस. तुला कळवलं नाही ते याच एका गोष्टीमुळे. तू मिळेल ती गाडी पकडून धावत येशील, उन्हात उभी राहशील, आणि तुला दिसणार नाही. मग तुला परत कशी पाठवू?

तो तिथे चूक निस्तरत उभा आहे. एवढं मला, न शिकलेल्या बाईसारखं, साधं कळतं. वळण दुरुस्त कर. प्रुफं आली का?

सुई

---

१३ ऑक्टोबर

प्रिय सुई,

तुझं पत्र उशाशी घेऊन झोपते. मी तुझ्यावर चिडले नाही. तुझ्या जागी मीही लपवलं असतं.

प्रुफं अजून आलेली नाहीत. आली की बघते.

तोवर मला नीट सांग. लोकांना तो कसा दिसतो? विचार ना त्यांना, तुझ्या दाराशी थांबतात ते. वाळलेला दिसतो की शेवटी होता तसाच? दाढी केलेली असते का? बाहीचं बटण लावलेलं असतं? मी लावून दिल्याशिवाय ते कधी लागायचं नाही. हसतो का? हात कुठला वर करतो? तुला हा वेडेपणा वाटेल. पण एवढ्या परक्या माणसांनी त्याला पाहावं आणि मी इथे त्याच्या टोपीची रिकामी खुंटी बघत बसावं, याला काय म्हणायचं?

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती, कारण तिचा काही अर्थ आहे असं वाटलंच नव्हतं. गेला त्या सकाळी तो लवकर उठला. पुस्तक नुकतंच छापून आलं होतं, टेबलावर उघडं पडलं होतं. मी विचारलं, "आज कुठे?" म्हणाला, "एक वळण बघून येतो." मी म्हटलं, "अरे, आत्ताच तर सगळी बघून झाली." "एकच बघायचंय," म्हणाला आणि बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकला. मी चहा गाळून वळले तर तसाच वाकलेला होता. मला वाटलं, गाठ बसली असेल.

म्हणजे त्याला कळलं होतं, सुई. तो तिकडेच यायला निघाला होता. मी या घरात पुढची मुकी वर्षं मोजत बसले, आणि तो आपला ठरल्याप्रमाणे जाऊन पोचला.

मग वळण दुरुस्त झालं की तो काय करेल?

या प्रश्नाचं उत्तर घाईनं लिहू नकोस.

वहिनी

---

३० ऑक्टोबर

वहिनी,

उत्तर घाईनं लिहू नकोस म्हणालीस, म्हणून थांबले होते. आता थांबता येत नाही.

काल सकाळी कॉलेजातली एक मुलगी आली, एकटी. पुस्तकातलं पान फाडून सायकलच्या दांड्याला चिकटवलेलं, मान खाली, कानात गाणी. मी खिडकीतून पाहिलं, ती थांबलीच नाही. मान वर केलीच नाही. सरळ डावीकडे उतारावर गेली. मी हातातली कात्री टाकून धावले. माझं धावणं तुला माहीत आहे. मी उताराच्या तोंडाशी पोचेपर्यंत खालून किंकाळी आली.

जिवंत आहे. आधी ते सांगते. खडीवरून चाक घसरलं म्हणून वाचली. ती आडवी पडली आणि सायकल पुढे घसरत गेली. मी पोचले तेव्हा सायकलचं पुढचं चाक तुटक्या पुलाच्या कडेबाहेर हवेत होतं, अजून फिरत होतं. मनगट मोडलंय, कोपर सोलवटलंय. गाडीत घालून दवाखान्यात नेलं, प्लॅस्टर होईपर्यंत तिचा दुसरा हात धरून बसले. तिथे ती मला म्हणाली, "मावशी, ते काका कुठे गेले?"

मी म्हटलं, "कुठले काका गं?"

"माझ्यामागून उतारावर धावत येत होते ते. मला आरशात दिसले. तोंड उघडून ओरडत होते, पण आवाजच येत नव्हता. मला वाटलं गाण्यामुळे, म्हणून कानातलं काढलं, तरी आवाज नव्हता. त्यांना सांगा ना, मी बरी आहे. फार घाबरले होते ते."

वहिनी, दादा धावायचा नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सायकल चालवायची परवानगी दिली होती, धावायची नाही. तुला आठवतं, तू केवढी करवादली होतीस त्याच्यावर?

मी तिथूनच प्रकाशकांना फोन लावला. जे तोंडाला येईल ते बोलले, "पोरी मरायची वाट बघताय का?" ते बिचारे आधी ऐकून घेत राहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, प्रुफं महिन्यापूर्वीच वहिनींकडे पोचलीत. मी तीनदा विचारलं. जुन्या प्रतींत घालायच्या चिठ्ठीचा मजकूरही त्याच देणार आहेत. त्या म्हणतात, अजून वाचून व्हायचीत. त्यांची तब्येत बरी आहे ना?"

मी "बरी आहे" म्हणून फोन ठेवला.

मी तुझ्यावर रागावलेय आणि मला तुझं सगळं कळतंय, दोन्ही एकदम. मला काय तो नकोय? रोज मशीनवर बसले की पहिला डोळा फाट्याकडे जातो. कोणाचा हात वर झाला की माझा दिवस भरतो. भाऊ घरी आहे असं वाटतं. पण तो तिथे हौसेनं उभा नाही गं. आपण दोघींनी त्याला तिथे उभं करून ठेवलंय. ऊन म्हणायचं नाही, वारा म्हणायचा नाही, बसायला त्याचं स्टूलही नाही. आणि आवाज नसलेल्या तोंडानं पोरींच्या मागे धावायला लावलंय.

यापुढचं तू ठरव.

सुई

---

३ नोव्हेंबर

सुई,

प्रुफं टेबलावर होती. त्यांवर मी टेबलक्लॉथ घातला होता, म्हणजे जेवताना दिसू नयेत.

गुरुवारी येते आहे. स्टूल आणि थर्मास घेऊन. मला एकदा तिथे एकटीला बसू दे. एकच दिवस. तेवढं झालं की तू सांगशील तसं करीन.

त्या मुलीचा पत्ता काढून ठेव. मला तिला भेटायचं आहे.

वहिनी

---

२१ नोव्हेंबर

प्रिय सुई,

सुखरूप पोचले. तू दिलेली पिशवी गाडीत विसरता विसरता राहिली. त्या मुलीचा फोन आला होता. प्लॅस्टरवर सगळ्या मैत्रिणींनी सह्या केल्यात आणि आईनं सायकल कुलूप लावून ठेवलीय, म्हणून रडत होती. मी तिच्या आईशी बोलले. हात बरा झाल्यावर बघू म्हणाली.

त्या दिवशी फाट्यावर काय झालं ते मी तुला तिथे सांगितलं नाही. संध्याकाळी तू दारात उभी होतीस, माझ्या तोंडाकडे बघून तू काही विचारलं नाहीस आणि ताट वाढलंस. त्याबद्दल तुझे आभार कसे मानू? आता लिहिते.

सकाळभर तू छत्री घेऊन, टोपी घेऊन, पाणी घेऊन निघत होतीस आणि मी हात करून तुला परत पाठवत होते. शेवटी तू खिडकीचा पडदाच ओढून घेतलास. तेव्हा मी खरी एकटी झाले.

एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मोठा रस्ता झाल्यापासून तो जुना रस्ता सगळ्यांनी टाकूनच दिलाय. डांबराला भेगा पडून मधोमध गवत उगवलंय, तारा नसलेले खांब नुसतेच ओळीत उभे आहेत, आणि कालव्याचं पाणी आवाज न करता चाललंय. इतकी वर्षं तो मला म्हणायचा, "एकदा चल, नुसती बस." मी म्हणायची, रस्त्याच्या कडेला बसायला मी काय भाजीवाली आहे? आणि आता बसले, तर पहिला चहा सवयीनं दोन कपांत ओतला.

मी त्याच्याशी बोलले. आधी हळू, मग मोठ्यानं. चिमट्यांवरून बोलले. त्या सकाळी नाड्या बांधताना काही म्हणाला होतास का, आणि भांड्यांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही का, ते विचारलं. मैलाच्या दगडाकडे डोळे दुखेपर्यंत बघत राहिले. गवत हललं की उठायची. वारा असायचा. चहा संपला, एकही गाडी आली नाही. म्हणजे त्याच्या नियमानं रस्ता पास झाला. मला रडू आलं, आणि कोणी बघायला नव्हतं म्हणून मी तोंड झाकलं नाही.

मग सायकलवाला आला. पोट सुटलेला, घामाघूम, वयानं पन्नाशीचा. फाट्यावर थांबला आणि पुस्तक काढलं. आता हा मान वर करील, दगडाकडे बघील, आणि तो कुठे बघतो त्यावरून मला तुझा दादा कुठे उभा आहे तेवढं तरी कळेल. मला तेवढंच हवं होतं. म्हणून मी गप्प बसले. त्याला वाट सांगितली नाही, सुई. बघत बसले.

त्यानं मान वर केली. दगडाकडे बघितलं. तिथे त्याला काही दिसलं नाही. पुस्तक खिशात घातलं आणि हँडल डावीकडे वळवलं.

मी उठले. हाक मारावी म्हटलं तर घशातून आवाज निघेना. काही म्हणजे काही निघेना. फक्त हात वर गेला, आणि मी सगळ्या अंगानं उजवीकडे दाखवत राहिले. त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात ते आलं असावं. त्यानं ब्रेक दाबला, माझ्याकडे वळून बघितलं, सायकल फिरवली. आणि जाता जाता हात उंच केला. "थँक्यू काकू!"

तो दिसेनासा झाला तरी माझा हात वरच होता. खाली घेतला तेव्हा खांदा ठणकत होता. एकदाच हात वर केला होता मी, तुला खरं सांगते, एकदाच. तेव्हा मला कळलं, मी त्याच्याकडून काय करवून घेत होते.

मी होते म्हणून तो नव्हता, की त्याची पाळी मी घेतली म्हणून त्याला बसायला मिळालं, कोण जाणे. दुसरं खरं मानलं की बरं वाटतं.

तिथून तुझ्या घराकडे निघाले तर तहान लागली. पुस्तकात लिहिलंय, फाट्यानंतर डावीकडे पाण्याचा नळ. डावीकडे शेताशिवाय काही नाही. म्हटलं, बघू तरी. उजवीकडे झुडपाच्या मागे गेले तर नळ तिथे होता. चांगला चालू, पाणी गार. म्हणजे एक नाही, त्या रात्री सलग दोन ओळी उलटायच्या राहिल्या होत्या. आम्ही कशावरून तरी हसत सुटलो असू. तेव्हा हसायला काहीही पुरायचं.

काल प्रुफं पाठवली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, टेबलावर, मोठ्यानं, प्रत्येक वळण. फाट्यावरचं 'डावीकडे' खोडून 'उजवीकडे' केलं, खाली दोनदा रेघ मारली, तुटक्या पुलाची सूचना चौकटीत घातली आणि जुन्या प्रतींसाठी चिठ्ठी लिहून दिली. प्रकाशक म्हणाले, महिन्याभरात सगळ्या दुकानांत पोचेल. आता त्या उतारावरून कोणी जाणार नाही. कोणाला तिथे उभं राहायला नको.

नळाची ओळ मात्र मी तशीच ठेवली आहे.

विचार केला त्यावर. तिथून तुझं घर दोन मिनिटांवर, पाणी नाही मिळालं तर तुझ्या दारात मिळेल. कोणाचं काही बिघडत नाही. पण झुडपामागचा नळ आपला आपण कोणाला सापडायचा नाही, कोणीतरी हात करून दाखवायला लागेल. ती जागा तुझ्या खिडकीतून दिसत नाही, ते मी मुद्दाम बघून घेतलं. तू तिथे जाऊन भिंतीआडून बघत बसू नकोस, तुला माझी शपथ आहे.

आणि तिथे सावली आहे, सुई. बसायला चांगला रुंद दगडही आहे.

तुझी
वहिनी